माशोचें संगीत आणि मुळशीचीं जातीं

मुळशी म्हटली कीं सुशिक्षित वाचकास सेनापति बापट, १९२१ चा सत्याग्रह आणि टाटांचें धरण आठवतें. तेथील बायकांचें गाणें सहसा कोणास आठवत नाहीं. तें कागदावर उतरलें, यांत जन्मानें फ्रेंच परंतु पुण्यास स्थायिक झालेले अभ्यासक गी प्वातवाँ (१९३४–२००४) यांचा मोठा वाटा आहे. आणि त्यांच्या नांवाबरोबर त्यांच्याच मायदेशाच्या एका जुन्या संगीतकाराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

गिओम द माशो हा सुमारें १३०० ते १३७७ या काळांतला. आपल्याकडे नामदेव वृद्धापकाळीं पोहोंचले तेव्हां हा ऐन उमेदींत होता. प्रथम बोहेमियाच्या राजाचा चिटणीस, पुढें रीम्स येथील कॅथीड्रलच्या धर्ममंडळाचा सभासद. कवि तोच आणि संगीतकारही तोच. त्याच्या 'मोटेट' नांवाच्या रचना मोठ्या नवलाच्या आहेत. त्यांत वरचे दोन कंठ एकाच वेळीं दोन निरनिराळीं काव्यें गातात, बहुधा फ्रेंच भाषेंतलीं व प्रीतीचीं. आणि खालचा स्वर लॅटिन उपासनागीताचा एखादा तुकडा संथपणें धरून असतो. एकट्या गवयाच्या आलापीवर पोसलेल्या आपल्या कानास हा आरंभीं गलकाच वाटेल. पण सरावानें ध्यानांत येतें, कीं प्रियेसाठीं झुरणारा आणि देवासाठीं तळमळणारा असे दोघे तेथें एकाच क्षणीं ऐकूं येतात.

जात्यावर असें कांहीं नाहीं. दोघी समोरासमोर बसतात, खुंटा एकच. मधून मधून एकजण वैरण घालते. एकीनें ओवी म्हणावी, दुसरीनें ती उचलावी. ही चाल माशोहून पुष्कळ जुनी. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. सूर एकच खरा. तरी ओवींत दुसरा कंठ नाहीं असें मी म्हणणार नाहीं. सीतेच्या वनवासाच्या ओव्या घ्या, किंवा विठ्ठलावर रुसलेल्या रखुमाईच्या. सासरीं ज्याचा उच्चार करण्याची सोय नव्हती तें गाऱ्हाणें बाईनें सीतेच्या तोंडीं घातलें. पलीकडे बसलेल्या सासूस आक्षेप घ्यावयास जागाच नाहीं! माशोकडे वर प्रीति आणि तळाशीं देव. येथें वर देव आणि तळाशीं संसार. लोकगीतांस 'भोळीं' म्हणण्याची आपल्या पंडितांची खोड येथें तरी अगदींच गैरलागू आहे.

दोघांत खरें अंतर आहे तें जतनाचें. माशोच्या समग्र रचनांच्या सचित्र पोथ्या त्याच्या हयातींतच तयार झाल्या, आणि त्यांतील एकीच्या अनुक्रमणिकेवर तर हा क्रम खुद्द त्याच्या इच्छेप्रमाणें आहे असें लिहिलेलें आहे. मुळशीच्या बाईस कोण पोथी लिहून देणार? गांवांत पिठाची चक्की आली आणि जात्याबरोबर ओवीही कोपऱ्यांत गेली. प्वातवाँ व हेमा राईरकर यांनीं १९८० च्या दशकांत गरीब डोंगरी संघटनेच्या बायांसह हें संकलन हातीं घेतलें, तें वाढत वाढत महाराष्ट्रांतील हजारांवर गांवांत आणि लाखांवर ओव्यांपर्यंत गेलें. पुढें बर्नार्ड बेल या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थांनीं ध्वनिमुद्रणाचें काम केलें. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें २०१७ पासून या ओव्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. नांदगांव, कोळवडे अशा मुळशींतील गांवांच्या गाणारणी तेथें आपल्या नांवानिशीं ऐकावयास मिळतात.