उष्णता आणि औषध : अर्बुदावरील संयुक्त उपचाराचा प्रायोगिक इतिहास

प्रस्तावना

कर्करोगोपचाराच्या इतिहासात शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार यांची चर्चा विपुल होते. त्यांना साहाय्यक ठरलेल्या उष्णतेकडे मात्र दुर्लक्ष होते. प्राण्यांवरील प्रयोगांनी या उपचाराबाबत नेमके काय सिद्ध केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

१८६६ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक बुश यांनी विसर्पाच्या तीव्र ज्वरानंतर चेहऱ्यावरील अर्बुद नाहीसे झाल्याची नोंद केली. पुढे अमेरिकेत विल्यम कोली यांनी जाणीवपूर्वक जंतुसंसर्ग घडवून रुग्णांवर उपचार केले. तथापि, गुण आला तो उष्णतेने की शरीराच्या प्रतिकारशक्तीने, हे ज्वरात वेगळे करता येत नव्हते. ते नियंत्रित प्रयोगानेच शक्य होते. १९७५ मध्ये जॉर्ज हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानात अॅड्रियामायसिन व ब्लिओमायसिन या औषधांची पेशीनाशक शक्ती लक्षणीय वाढते, असे सस्तन प्राण्यांच्या पेशींवर दाखवून दिले.

मुंबईतील संशोधन

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील के. सी. जॉर्ज आणि बी. बी. सिंग यांनी १९८२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये उंदरांच्या दोन घन अर्बुदांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी निवडलेले क्लोरप्रोमाझिन हे मूलतः मनोविकारावरील औषध; ते पेशीपटलावर परिणाम करते. उष्णतेसह दिल्यास त्याचा परिणाम दोन्ही उपचारांच्या बेरजेहून अधिक होतो, असे त्यांना आढळले. असा निष्कर्ष काढण्यासाठी उपचार न केलेले, केवळ औषध दिलेले, केवळ उष्णता दिलेले आणि दोन्ही दिलेले असे गट तुलनेस घ्यावे लागतात. प्राणिप्रयोगांचे मोल या तुलनेत आहे.

मर्यादा

उंदराच्या त्वचेखालील गाठ कोमट पाण्यात बुडवून समप्रमाणात तापविता येते. मानवी शरीरात खोलवर असलेल्या गाठीतील उष्णता मात्र रक्तप्रवाह वाहून नेतो. अकोल्यात वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढला तरी निरोगी देह आपले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखतो, ही त्याच नियमनाची साक्ष होय. त्यामुळे रुग्णांवरील निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील अंडाशयाच्या कर्करोगाच्या २४५ रुग्णांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या वेळी उदरपोकळीत उष्ण सिस्प्लाटिन दिल्याने मध्यक आयुर्मान ३३.९ महिन्यांवरून ४५.७ महिन्यांवर गेले. याउलट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात, उदरपोकळीत पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात उष्ण ऑक्झॅलिप्लाटिनमुळे आयुर्मान वाढले नाही.

निष्कर्ष

प्राणिप्रयोगाचा निर्णय विशिष्ट औषध, विशिष्ट तापमान आणि विशिष्ट अर्बुद यांच्यापुरताच असतो. तो सर्व रुग्णांस लागू करणे जितके अशास्त्रीय, तितकेच रुग्णांत अपयश आले म्हणून मूळ प्रयोग निरर्थक ठरविणेही अशास्त्रीय होय. घरगुती शेक म्हणजे हा उपचार नव्हे. शेकावर विसंबून वऱ्हाडातील एखाद्या रुग्णाने मोलाचे महिने गमावू नयेत, यासाठी हा भेद वर्गात आणि वर्गाबाहेरही स्पष्ट करणे हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.