पिवळ्या मातीचे दप्तर

इतिहास म्हटला की सनदा, शिलालेख, ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या काळी लिहिणारा माणूसच नव्हता, त्या काळच्या पावसापाण्याची नोंद कोठे शोधावी? उत्तर चीनमध्ये ती धुळीत सापडली आहे.

ह्वांग हो नदीच्या मधल्या खोऱ्यात पिवळसर, भुसभुशीत मातीचे विस्तीर्ण पठार आहे. कित्येक ठिकाणी हा थर शंभर मीटरहून अधिक जाड आहे. शास्त्रज्ञ या मातीला लोएस म्हणतात. ती पाण्याने आणून टाकली असावी, असे पूर्वी अनेकांना वाटे. फर्डिनांड फॉन रिख्टहोफेन या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाने चीनमध्ये भ्रमंती केली आणि १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही वाऱ्याने आणलेली धूळ होय, असे प्रतिपादन केले. टेकडी असो वा दरी, मातीने दोन्ही पांघरलेली. आणि तिच्यात सापडणारे शंख जमिनीवरच्या गोगलगायींचे.

या मातीत दोन येशूसंघीय धर्मगुरूही राबले आहेत. फादर एमिल लिसाँ यांनी तिआनजिन येथे वस्तुसंग्रहालय उभारले. १९२३ साली फादर तेयार द शार्दँ त्यांच्यासमवेत ऑर्डोस प्रदेशात गेले, तेथे त्यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. तेयार यांचे नाव निघाले की त्यांच्या धर्मचिंतनावर वाद सुरू होतो. त्यांच्या हातातला हातोडा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या पठारावरील कड्यांत पिवळ्या मातीमधून तांबूस पट्टे आडवे गेलेले दिसतात. खरे दप्तर ते हेच. थंड, कोरड्या युगात वायव्येकडील वाळवंटांतून हिवाळी वारे धूळ आणीत आणि ती साचत जाई. हवा उबदार झाली की उन्हाळी मोसमी पाऊस आत पोहोचे, गवत-झाडे वाढत आणि त्याच धुळीची सुपीक, तांबूस जमीन होई. पावसाने विरघळलेला चुना खाली झिरपून त्याच्या गाठी बनत. चिनी लोक त्यांना आल्याच्या गड्ड्यांची उपमा देतात. म्हणजे पिवळा थर हिवाळी वाऱ्याचा, तांबडा पावसाचा. धुळीचे कण जितके भरड, तितका वारा जोरकस. मुरलेल्या जमिनीत लोहाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण तयार होतात, म्हणून चुंबकत्व मोजूनही पावसाचा अदमास घेता येतो.

काळ ठरविण्यासही चुंबकत्वच उपयोगी पडले. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव सुमारे ७ लक्ष ८० हजार वर्षांपूर्वी उलटले. ती खूण या थरांत आहे. फ्रीडरिश हेलर आणि ल्यू तुंगशंग यांनी १९८२ साली लुओचुआन येथील लोएसचा आरंभ सुमारे २४ लक्ष वर्षांमागे नेला. आता तो २६ लक्ष मानला जातो. जॉर्ज कुकला यांनी लोएसच्या थरांचा मेळ समुद्रतळाच्या गाळाशी घातला आणि दोहोंत हिमयुगांचा तोच क्रम दिसला.

अर्थात ही नोंदवही आपल्या पॅरिशच्या स्नानसंस्काराच्या वहीसारखी नीटस नाही. जमीन मुरताना ती खालच्या जुन्या धुळीतही शिरते. जणू मागील पानावरील नोंदींवर नवी शाई उतरावी. म्हणून एका थराचा आरंभ नेमका सांगणे कठीण जाते. तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : मोसमी पाऊस कधी पठारात खोल शिरला, तर कधी दीर्घकाळ मागे हटला. तो कायमचा ठरलेला नव्हता.

सर्वांत वरचा काळसर थर गेल्या सुमारे दहा हजार वर्षांतला. अनेक ठिकाणी त्यावर वाऱ्याने पुन्हा धूळ पसरली आहे, आणि तेथील शेतकरी आज तीच नांगरतो.