गंजिफा आणि डाँकी काँग : खेळाच्या दोन घराण्यांचा इतिहास

आपल्या शालेय व्यवहारात 'खेळ' हा शब्द बहुधा मैदानाशी जोडलेला असतो. बैठ्या खेळांकडे, त्यातही पत्त्यांकडे, आपण पिढ्यानपिढ्या संशयाने पाहत आलो. आणि पडद्यावरील खेळांकडे तर त्याहूनही अधिक संशयाने. प्रस्तुत स्मृतिव्याख्यानासाठी मी नेमका हाच संशयित विषय निवडला आहे. त्यामागे केवळ कुतूहल नाही. व्हिडिओ गेमच्या इतिहासात जिचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते ती निन्टेंडो ही जपानी कंपनी मुळात पत्ते तयार करणारा कारखाना होती; आणि आपल्या मराठी मुलखातही, सावंतवाडीस, पत्ते रंगविणाऱ्या कारागिरांची एक जुनी परंपरा आहे. ही दोन घराणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली असता, खेळ कशाने जगतो आणि कशाने कोमेजतो, या प्रश्नावर काही प्रकाश पडतो, असे मला वाटते.

आरंभ एका शब्दापासून करू. आपण 'पाव' म्हणतो आणि जपानी माणूस 'पान' म्हणतो. दोन्ही शब्द पोर्तुगीज आहेत. १५१० साली गोवा जिंकणारे पोर्तुगीज १५४३ साली जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यांच्या गलबतांतून पावाबरोबर पत्तेही उतरले. पोर्तुगीज 'कार्ता'चे जपानीत 'कारुता' झाले. पत्त्यांबरोबर जुगारही आला. राज्यकर्त्यांनी पत्त्यांवर वेळोवेळी बंदी घातली. लोकांनी दरवेळी नव्या चित्रांचे नवे पत्ते काढले. या लपंडावातून 'हानाफुदा', म्हणजे फुलांचे पत्ते, जन्मास आले. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचे एक झाड वा फूल, आणि प्रत्येकाची चार पाने, अशी ही ४८ पाने. जानेवारीचा पाइन वृक्ष आणि करकोचा, मार्चचा चेरीचा बहर, ऑगस्टचा पूर्ण चंद्र. पानांवर आकडा मात्र एकही नाही. ऋतुचक्र मुखोद्गत असल्यावाचून हा खेळ खेळताच येत नाही.

आपल्याकडील गंजिफा हा खेळ निराळ्या वाटेने आला. तो इराणातून मोगलांबरोबर आला. बाबराने १५२७ साली गंजिफा भेट पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फज्लने अकबराच्या दरबारातील गंजिफांचे सविस्तर वर्णन केले आहे. पुढे या परक्या खेळाने भारतीय वेष धारण केला. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. पाने गोल असतात. सामान्यतः तीन खेळाडू, प्रत्येकास ४० पाने, आणि हुकूम नाही. पाच रंगांत प्रधानानंतर दहाचे पान श्रेष्ठ, तर उरलेल्या पाचांत एक्का श्रेष्ठ. कोणती पाने पडून गेली हे ज्याच्या स्मरणात राहील तोच जिंकणार. डावाचा आरंभ कोणी करावा याचीही एक रम्य रीत आहे : दिवसा खेळावयाचे तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने, आणि रात्री खेळावयाचे तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने. एकाच जागेवर दिवसा एकाचे आणि रात्री दुसऱ्याचे राज्य असते, हे दिवसा सोन्याचांदीच्या आणि रात्री खाद्यपदार्थांच्या गजबजाटात राहणाऱ्या सराफ्यातील श्रोत्यांना वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी ही पाने हाताने रंगविली. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवावयाचे, त्यावर खडूचा लेप द्यावयाचा, घोटावयाचे, रंगवावयाचे आणि शेवटी लाखेचा हात द्यावयाचा, अशी ही पद्धत. तळहाताहून लहान गोलात अवतार ओळखू यावा यासाठी चित्रकाराला पाल्हाळ परवडत नव्हता. परशुराम म्हणजे परशू, नरसिंह म्हणजे सिंहमुख, वामन म्हणजे छत्र किंवा कमंडलू. दोन-तीन फटकाऱ्यांत व्यक्तिरेखा उभी राहिलीच पाहिजे. हा मुद्दा कृपया ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता क्योटोकडे वळू. मेजी राजवटीत पत्त्यांवरील निर्बंध सैल झाल्यावर फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ साली तेथे हानाफुदा तयार करण्याचा व्यवसाय मांडला. तीच निन्टेंडोची सुरुवात. साठ वर्षांनी, १९४९ साली, त्यांचे पणतू हिरोशी यामाउची ऐन तारुण्यात गादीवर आले. त्यांनी १९५३ साली जपानमध्ये प्लॅस्टिकचे पत्ते आणले आणि १९५९ साली डिस्नेची चित्रे पत्त्यांवर छापून खेळ मुलांच्या हाती दिला. परंतु पत्त्यांच्या धंद्याला मर्यादा आहे हे त्यांनी ओळखले होते. पुढील काही वर्षे नाना उद्योग करून पाहण्यात गेली आणि त्यांतील बरेच फसले.

या घराण्याला खरी दिशा दिली ती एका देखभाल कामगाराने. गुन्पेई योकोई १९६५ साली पत्त्यांच्या यंत्रांची निगा राखण्यासाठी नोकरीस लागले. फावल्या वेळात त्यांनी लांबवर पोहोचणारा, चिमट्यासारखा एक लाकडी हात केला होता. मालकांच्या तो दृष्टीस पडला आणि १९६६ साली 'अल्ट्रा हँड' या नावाने बाजारात आला. त्याची विक्री दहा लाखांच्या वर गेली. योकोई यांचे एक सूत्र पुढे प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा : जे तंत्र जुने, स्वस्त आणि पूर्ण परिचयाचे झाले आहे, त्याचाच आडव्या अंगाने विचार करावा. १९८० साली त्यांनी गणकयंत्राच्या साध्या पडद्यापासून 'गेम अँड वॉच' हा खिशातील खेळ सिद्ध केला. दोन वर्षांनी त्याच मालिकेतील एका खेळासाठी त्यांनी अधिकच्या चिन्हासारखी चार दिशांची कळ योजिली. आपल्या सारीपाटाचा पटही याच आकृतीचा आहे, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो.

नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचा, ज्यांना 'आर्केड' म्हणतात त्यांचा, इतिहास याच काळातला. १९७३ साली निन्टेंडोने ओस पडलेल्या बोलिंगच्या सभागृहांत प्रकाशकिरणांनी नेमबाजी करण्याची योजना आणली. त्याच वर्षीच्या तेलसंकटाने ती कोलमडली आणि कंपनी कर्जात बुडाली. १९७७ साली घरच्या दूरदर्शन संचाला जोडावयाचे खेळ आले, १९७८ साली 'कॉम्प्युटर ऑथेल्लो' हे यंत्र आले. त्यानंतर 'रडार स्कोप' नावाचा अंतराळयुद्धाचा खेळ तयार झाला. अमेरिकेतील शाखेने, म्हणजे यामाउचींचे जावई मिनोरू आराकावा यांनी, त्याची ३,००० यंत्रे मागविली. समुद्रमार्गे ती पोहोचेतो लोकांची आवड बदलली होती. सुमारे १,००० यंत्रे खपली आणि २,००० पडून राहिली.

त्या पडून राहिलेल्या यंत्रांच्या पोटात नवा खेळ भरण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आले. १९७७ साली नोकरीस लागलेले मियामोतो संगणकतज्ज्ञ नव्हते. योकोई यांच्या देखरेखीखाली त्यांनी १९८१ साली 'डाँकी काँग' रचला. आरंभी पॉपायची पात्रे वापरण्याचा विचार होता. ती परवानगी मिळाली नाही, म्हणून स्वतःची पात्रे निर्माण करावी लागली. एका महाकाय वानराने नायिका पळविली आहे आणि एक सामान्य सुतार तुळयांवरून, शिड्यांवरून, गडगडत येणारी पिंपे चुकवीत तिच्याकडे जात आहे. अपहृत नायिका, बलदंड प्रतिनायक आणि मुक्तीसाठी आरोहण, हे आख्यान आपणास रामायणापासून परिचित आहे. तोवर यंत्रावरील खेळात मुख्यतः नेम होता. येथे कथा आली.

या सुताराचे रूप कसे ठरले हे पाहण्यासारखे आहे. त्याच्यासाठी पडद्यावर १६ उभ्या आणि १६ आडव्या ठिपक्यांची जागा होती. आपल्या मुली अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात, तेवढाच हा पसारा. इतक्या ठिपक्यांत तोंड दिसेना, म्हणून नाकाखाली मिशी दिली. केस हलताना दाखविता येईनात, म्हणून टोपी घातली. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून कपड्याचे रंग भिन्न केले. प्रथम त्याला 'जंपमन' म्हणत. पुढे अमेरिकेतील गोदामाच्या मालकाच्या नावावरून तो 'मारिओ' झाला. आता सावंतवाडीच्या चिताऱ्याकडे पुन्हा पाहावे. लहानशा गोलात परशूवरून परशुराम ओळखू येतो आणि १६ ठिपक्यांत मिशीवरून मारिओ ओळखू येतो. दोन्ही ठिकाणी जागेच्या तोकडेपणानेच रूपाला ठसा दिला आहे.

पुढील इतिहास वेगाने घडला. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' हे घरगुती यंत्र विक्रीस आले. त्याच्यासोबतच्या पहिल्या तीन खेळांत 'डाँकी काँग' होता. त्याच वर्षी अमेरिकेत निकृष्ट खेळांचा पूर येऊन हा धंदा कोसळला होता. तरीही १९८५ साली निन्टेंडो तेथे उतरली, आणि त्याच वर्षीच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ने धंद्याला नवा जीव दिला. हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये मावला होता. आज साध्या छायाचित्रालाही त्याहून अधिक जागा लागते. १९८६ साली 'द लीजेंड ऑफ झेल्डा' आणि १९८९ साली योकोईंचा 'गेम बॉय' आला. त्याचा पडदा रंगीत नव्हता, पण साध्या चार सेलवर तो तासन्‌तास चाले. १९९०च्या दशकात या घरगुती यंत्राच्या स्वस्त नकला आपल्याही घरांत शिरल्या, आणि 'कॅसेट'वर फुंकर मारून ती पुन्हा खोचणारी मुले घरोघर दिसू लागली.

याच काळात सावंतवाडीत काय घडत होते? छापील बावन्न पानांचा जोड स्वस्तात मिळू लागल्यावर हाताने रंगविलेल्या गंजिफेला गिऱ्हाईक उरले नव्हते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला वाचविली. उरल्यासुरल्या जाणत्या कारागिराकडून विद्या घेतली, राजवाड्यातच काम सुरू केले, तरुण हात तयार केले. हे ऋण मोठे आहे. त्यांच्यावाचून आज आपल्यापाशी गंजिफा उरल्याच नसत्या.

तथापि एक फरक मनाला लागतो. निन्टेंडो आजही हानाफुदा तयार करते, आणि जपानी माणूस ती विकत घेऊन खेळतो. आपण गंजिफा विकत घेतो आणि चौकटीत बसवून भिंतीवर टांगतो. कला वाचली, पण डाव थांबला. नियम विस्मरणात गेले की पत्त्याचे चित्र होते. ते सुंदर असते, परंतु ते कोणाच्या हाती पडत नाही, कोणाला हरवीत नाही, कोणाला हसवीत नाही. या तुलनेत भांडवलाचा आणि बाजाराचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारीत नाही; सावंतवाडीच्या चिताऱ्याला क्योटोसारखी पेढी लाभली नाही. परंतु नियम शिकविण्यास भांडवल लागत नाही. ते काम घराला आणि शाळेला करता येते.

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला यात आणखी एक अर्थ दिसल्यावाचून राहत नाही. इंदुरात आपण मराठीचे सोहळे उत्साहाने करतो, थोरांच्या तसबिरी लावतो, स्मृतिदिन पाळतो. हे सर्व हवेच. पण भाषाही पत्त्यांच्या जोडासारखीच आहे. ती मुलांच्या भांडणात, थट्टेत, हिशेबात आणि खेळात वापरात असली तर ती पडद्यावरही जाईल, नवे रूपही घेईल. नाहीतर आपल्या दिवाणखान्यात तिची नुसती चौकट राहील.

म्हणून या शाळेला माझी एक लहानशी सूचना आहे. दशावतारी गंजिफेचा एक जोड आणावा. तो कपाटात ठेवू नये. मधल्या सुट्टीत तीन मुलांना बसवावे, ४०-४० पाने वाटावीत, आणि दिवसाची वेळ असल्याने रामाचा राजा कोणाकडे आहे, एवढे त्यांना विचारावे. पाने मळतील, एखादे हरवेलही. त्याची खंत करू नये.