दुसऱ्याच्या शेतातून जाणारी वाट

ब्रिटनला निघालेल्या माणसाला मिळणारे सल्ले साधारण ठरलेले असतात. पावसाचं जॅकेट घ्या, रेल्वेचं तिकीट आधी काढा, लंडनच्या एस्कलेटरवर उजव्या बाजूला उभे राहा. सगळे बरोबरच आहेत. पण शहर सोडून तुम्ही एखाद्या खेड्याच्या स्टेशनवर उतरलात की वेगळाच प्रश्न समोर येतो. रस्त्याच्या कडेला लाकडी खांब असतो, त्यावर छोटासा पिवळा बाण, आणि तो बाण सरळ कुणाच्या तरी शेताकडे बोट दाखवत असतो. कुंपण ओलांडायला दोन पायऱ्या केलेल्या. पलीकडे मेंढ्या चरताहेत. मालकाला न विचारता आत शिरायचं?

शिरायचं. पिवळा बाण म्हणजे पायवाट. निळा असेल तर त्या वाटेने घोडा आणि सायकलही नेता येते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. जमीन खासगी, पण वाट सगळ्यांची. आपल्याला हे नवल वाटतं, तिथल्या लोकांना ते इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागे कुणी तुरुंगात गेलं होतं हे अनेकांना आठवतही नाही.

गोष्ट जमिनीला कुंपण पडण्यापासून सुरू होते. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने सामाईक जमिनींना कुंपण घालणारे ५,२००हून जास्त कायदे केले. त्यातून सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, वेगवेगळ्या मालकांच्या नावावर बंदिस्त झाला. गावाच्या गुरांची चराई गेली, सरपण गेलं. जुन्या पायवाटा काही ठिकाणी टिकल्या, पण डोंगरमाथे मात्र बंद झाले. तिथे ग्राऊस नावाचे पक्षी वाढवायचे आणि १२ ऑगस्टपासून त्यांची शिकार करायची, हा उमरावांचा शौक. बाकीचं वर्षभर तिथे राखणदार आणि पाट्या. ‘आत शिराल तर खटला भरू’, असं त्या पाट्यांवर लिहिलेलं असे. खरं तर ती निव्वळ थाप होती, कारण नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकणं हा तिथे फौजदारी गुन्हाच नव्हता. पण दंडुका घेतलेल्या राखणदाराशी कायद्याचा कीस कोण पाडणार?

या बंद डोंगराच्या एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला शेफिल्ड. गिरण्या, पोलाद, धूर. १८९४ साली दोन शहरांना जोडणारी रेल्वे होप खोऱ्यातून गेली आणि रविवारची सुट्टी मोकळ्या हवेत घालवणं मजुरांना शक्य झालं. १९३०च्या मंदीत कामं गेली, तशी पायी हिंडणाऱ्यांची गर्दी आणखी वाढली. चालायला पैसे लागत नाहीत. पण चालायचं कुठे? समोर किंडर स्काऊट दिसत होता आणि तिथे जायला मनाई होती.

रविवार, २४ एप्रिल १९३२. हेफिल्ड गावाजवळच्या दगडाच्या खाणीत शेकडो तरुण जमले. बोलायला उभा राहिला बेनी रॉथमन, मँचेस्टरचा वीस वर्षांचा पोरगा. पोलीस स्टेशनवर पाळत ठेवून असणार म्हणून तो सायकलने आला होता. मंडळी विल्यम क्लफच्या घळीतून चढू लागली, वर राखणदारांशी झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. माथ्याजवळ शेफिल्डकडून आलेला गट भेटला. परतताना हेफिल्डमध्ये पोलीस वाटच बघत होते.

पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनला चार. आरोप होता बेकायदा जमाव आणि दंगलीचा. जमिनीत शिरल्याबद्दल कुणालाच शिक्षा झाली नाही, होऊच शकत नव्हती. ज्यूरीत लष्करी अधिकारी आणि जमीनदार मंडळींचा भरणा होता. या एका दिवसाने सगळं बदललं असं सांगायची तिथे पद्धत आहे, ते मला थोडं फुगवलेलं वाटतं. पायी फिरणाऱ्यांच्या जुन्या संघटनांचा या चढाईला विरोधच होता. शिवाय बोल्टनच्या हजारो लोकांनी १८९६ सालीच विंटर हिलवर अशी चाल केली होती, आणि ते कोर्टात हरले होते. पण शिक्षा ऐकून लोक चिडले, एवढं नक्की. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला. १९५१ साली पहिलं उद्यान झालं ते पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे हाच डोंगर. मोकळ्या माळांवर वाट सोडूनही हिंडायचा हक्क मात्र २००० सालच्या कायद्याने मिळाला.

आता तुमच्या कामाचं. मँचेस्टर किंवा शेफिल्डहून एडेलची लोकल पकडा. तासाच्या आत पोचाल. ४३१ किलोमीटरची पेनाइन वे तिथूनच निघते. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,०००चा नकाशा जवळ ठेवा, कारण घळींत फोनला रेंज मिळेलच असं नाही. त्यावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या वाटा, फिकट पिवळा भाग म्हणजे मोकळं हिंडायची जमीन. सह्याद्रीत फिरलेल्याला किंडरची ६३६ मीटर उंची किरकोळ वाटेल. फसू नका. माथा सपाट आहे, दलदलीचा आहे आणि धुकं उतरलं की दिशाच कळत नाही. फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं. तंबू ठोकायचा असेल तर इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी मालकाची परवानगी लागते. डार्टमूर हा अपवाद, आणि तो टिकवायलाही मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्यामुळे हात बराच मोकळा आहे.

वेळ असेल तर हेफिल्डची ती खाणही बघा. तिथे आता गाड्या लावतात. दगडावर १९३२च्या चढाईची पाटी आहे. २००२च्या एप्रिलमध्ये, सत्तर वर्षांनी, डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.