भुलेश्वरचा लागा आणि आपल्या फाटकावरचा कुत्रा

एव्हरशाईन सिटीत प्राण्यांच्या आश्रयस्थानांविषयी बोला, असं निमंत्रण आलं, तेव्हा आम्ही मुंबईच्या इतिहासातला एखादा धडा वाचून दाखवायचं ठरवलं होतं. पण आज वसई स्टेशनहून रिक्षाने येताना एका सोसायटीच्या फाटकावर पाटी दिसली: ‘भटक्या कुत्र्यांना खाऊ घालू नये’. आणि त्याच पाटीखाली कुणीतरी पाण्याने भरलेलं भांडं ठेवलं होतं. आमच्या व्याख्यानाचा विषय तिथेच उभा होता. कारण त्या पाटीचं आणि त्या भांड्याचं भांडण जवळजवळ दोनशे वर्षांचं आहे.

चला तर, 1832 सालच्या मुंबईत जाऊ. राज्य कंपनी सरकारचं. शहरात मोकाट कुत्री फार झाली, म्हणून वर्षातले ठरावीक दिवस ती मारायची, असा नियम आधीपासून होता. मारणाऱ्या शिपायाला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आता आठ आणे ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. बक्षीस लावलं की हात सैल सुटतात. पाळलेली कुत्रीसुद्धा सुटेनात. त्या वर्षी मारण्याची मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेली गेली. 6 जूनला पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. पारशांच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ असतो, म्हणजे मृताला कुत्र्याची नजर दाखवतात. त्यांच्यासाठी कुत्रा हा नुसता राखणदार नव्हता. फोर्टात शिपायांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पारशांच्या बरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही उभे राहिले होते, हे विसरू नका.

इथवरची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. दंगल लक्षात राहते. आम्हाला मात्र दंगलीनंतरची दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. कारण ‘मारू नका’ म्हणणं सोपं असतं, त्याच्या पुढचा प्रश्न अवघड असतो: मग ठेवायची कुठे, आणि खर्च कुणी करायचा?

त्याचं उत्तर 18 ऑक्टोबर 1834 रोजी मिळालं. सर जमशेटजी जीजीभॉय हे पारशी आणि शेठ मोतीशा, म्हणजे मोतीचंद अमीचंद, हे जैन. या दोन बड्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. भुलेश्वरच्या गर्दीत तो आजही आहे. दोघांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, आणि त्या व्यापारात अफूही होती. इतिहास असाच असतो, एका हाताने काय केलं आणि दुसऱ्या हाताने काय, हे दोन्ही सांगावं लागतं.

आता खरी गंमत हिशेबात आहे. या शेठजींनी मोठी देणगी दिली, नावाचा दगड बसवला आणि विषय संपला, असं झालं नाही. व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून कापूस, अफू, साखर अशा मालाच्या व्यवहारावर एक छोटीशी पट्टी बसवली. तिला म्हणत ‘लागा’. सरकारने लादलेला हा कर नव्हता, बाजाराने स्वतःहून मान्य केलेली ती रीत होती. बाजार चालू आहे तोवर जनावराच्या वैरणीची सोय आहे. देणाऱ्याला दर वेळी दया यावी लागत नाही, हे लाग्याचं सगळ्यात मोठं बळ. दया येते आणि जाते हो. कुत्रं मात्र दोन्ही वेळा जेवतं.

ही रीत आपल्या मराठी मुलखालाही परकी नाही. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना 1908 साली सुरू झाला, तो अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून जमवलेल्या निधीवर. रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरातून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. थोडं, पण पुष्कळांकडून, आणि पुन्हा पुन्हा. तत्त्व तेच.

मात्र पांजरपोळाच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्या कुत्र्यांच्या निमित्ताने हा सगळा खटाटोप झाला, ती हळूहळू कडेला गेली. पांजरपोळ ही मुख्यतः गाईगुरांची जागा झाली. आज भुलेश्वरला जाऊन गाईला चारा घालणारे पुष्कळ भेटतील, पण हे घर कुत्र्यांमुळे उभं राहिलं, हे ठाऊक असणारे थोडे. यात कुणाची लबाडी नाही. पैसा जिथून येतो तिथली श्रद्धाही त्याच्याबरोबर येते. गाईसाठी देणारा हात लगेच पुढे होतो. खरूज झालेल्या, तीन पायांच्या कुत्र्यासाठी तोच हात थबकतो.

जखमी जनावरासाठी मुंबईने पुढे वेगळी वाट शोधली. 1874 साली प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली आणि 1883 साली परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय उभं राहिलं. तिथे दिनशॉ माणेकजी पेटिटांसारख्या एका धनिकाचं मोठं दान पाठीशी होतं. पण प्रत्येक गावाला पेटिट कुठून मिळणार?

1926 साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ कुत्री मारवली, तेव्हा देशभर वाद पेटला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त सलग लेख लिहिले. त्यांनी अनेकांना धक्का दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रस्त्यावर बेवारस कुत्री हिंडतात यात समाजाची दया दिसत नाही, आळस दिसतो. दारात तुकडा टाकून पुण्य मिळवायचं आणि जबाबदारी कुणीच घ्यायची नाही, हे त्यांना मंजूर नव्हतं. त्यांचे सगळे निष्कर्ष आम्हाला पटतात असं नाही. पण हा प्रश्न त्या फाटकावरच्या भांड्यालाही विचारावा लागेल.

आता वसईत परत येऊ. इथे पूर्वी गावं होती. गावात कुत्र्याला मालक नसला तरी आळी असायची. इमारती आल्या, 2009 साली महानगरपालिका आली. कुत्रा राहिला, आळी गेली. आणि त्याच्यासाठी चार पैसे काढायची सामायिक रीत काही तयार झाली नाही.

कायदा मात्र पुढे गेला. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी कुत्र्यांना खाऊ घालण्याची नीट व्यवस्था लावण्याची जबाबदारी रहिवासी संघटनांवरही टाकली. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी सांगितलं, की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात परत सोडा, रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून. आणि खाऊ घालणं ठरलेल्या जागीच करा. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. म्हणजे निवारे लागणारच. ज्या आईच्या मुलाला कुत्रा चावला, तिची भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तिलाही निवारा हवाच आहे आणि भांडं ठेवणाऱ्यालाही. दोघांचा स्वार्थ एकच आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

निवाऱ्याचा खर्च काय असतो? जागा, रोजचं अन्न, पाणी, सफाई कामगारांचा पगार, डॉक्टर, लस, औषधं, गाडी. यातला एकही खर्च वर्षातून एकदा येत नाही, सगळे महिन्याचे आहेत. आणि आपण मदत कशी करतो? जखमी पिल्लाचा फोटो मोबाईलवर आला की पाचशे रुपये पाठवतो. पुढच्या महिन्यात फोटो नाही, तर पैसेही नाहीत. मग संस्थेलाही अधिकाधिक करुण फोटो शोधत बसावं लागतं.

साधा गुणाकार करू. समजा, चारशे घरं आहेत आणि प्रत्येकाने महिन्याला पंचवीस रुपये दिले. दहा हजार झाले. अशा दहा वसाहती एकत्र आल्या तर महिन्याला एक लाख. पंचवीस रुपये म्हणजे दोन कटिंग चहा. हा झाला आपला लागा. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून प्राणिकल्याणासाठी पैसा घेता येतो, तो जरूर घ्यावा. पण त्यातून शेड बांधावी, गाडी घ्यावी. रोजची भाकरी लाग्यावरच ठेवावी, कारण कंपनीचं धोरण बदललं म्हणून कुत्र्याची भूक बदलत नाही.

दोन पथ्यं मात्र पाळा. पैसा नोंदणीकृत न्यासातूनच फिरू द्या, आणि दर महिन्याचा जमाखर्च त्याच फाटकावर लावा: किती नसबंद्या, किती लसी, किती मृत्यू. मृत्यूही लिहा. भुलेश्वरचा बाजार एकमेकांना ओळखत होता, म्हणून तिथे विश्वास होता. आपण शेजाऱ्यालाही ओळखत नाही, म्हणून आपल्याला कागद लागेल. आणि हा पैसा कशासाठी जमवला, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवा. नाहीतर पन्नास वर्षांनी इथेही देखणं काहीतरी उभं असेल, आणि कुत्रा बाहेर.

त्या पाटीशेजारी जमाखर्चाचा एक कागद लागला, तर पाटीही कदाचित आपोआप उतरेल. आम्ही इथेच थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या. पाटी लावणाऱ्यांनी आधी विचारावेत, भांडंवाल्यांनी मग.