उघडे डोके आणि शर्यतीचे मैदान : एका हॅटचा इतिहास

१/१२
३० ऑक्टोबर १९६५. मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर त्या दिवशी डर्बी होती. तथापि छायाचित्रकारांचे कॅमेरे घोड्यांकडे नव्हे, तर बावीस वर्षांच्या एका इंग्रज मॉडेलकडे वळले होते. तिचे नाव जीन श्रिम्टन.

२/१२
तिच्या पांढऱ्या पोशाखाची कड गुडघ्याच्या चार इंच वर होती. हातांत मोजे नव्हते, पायांत स्टॉकिंग्ज नव्हते आणि डोके उघडे होते. वृत्तपत्रांत गदारोळ उडाला. तीन दिवसांनी, मेलबर्न कपच्या दिवशी ती पुन्हा मैदानावर आली, तेव्हा मोजे, स्टॉकिंग्ज आणि हॅट असा सारा सरंजाम तिच्या अंगावर होता. उघड्या डोक्याची एवढी दखल का घेतली गेली?

३/१२
उत्तरासाठी इंग्लंडमध्ये जावे लागते. विंडसरजवळील अ‍ॅस्कॉट येथे १७११ मध्ये राणी अ‍ॅनच्या पुढाकाराने शर्यती सुरू झाल्या. पुढे १८२० च्या दशकात चौथ्या जॉर्जने तेथे स्वतःसाठी सज्जा बांधविला. त्यात प्रवेश केवळ राजाच्या निमंत्रणाने मिळे. आजच्या 'रॉयल एन्क्लोजर'चे मूळ तेथे आहे.

४/१२
त्या काळी हॅट ही शर्यतीची खासियत नव्हती. मजूर कॅप घाली, श्रीमंत उंच टॉप हॅट घाली. स्त्रियांनी उघड्या डोक्याने बाहेर पडणे अशिष्ट मानले जाई. आपल्याकडे पगडी-पागोट्यावरून माणसाची जात आणि हुद्दा ओळखला जाई, तसाच हा प्रकार. मैदानावर सारे वर्ग एकत्र येत. म्हणून तेथे ही ओळख अधिकच ठळक होई.

५/१२
विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांच्या हॅट अतिशय रुंद झाल्या. मे १९१० मध्ये सातवा एडवर्ड निवर्तला. जूनमधील अ‍ॅस्कॉट रद्द झाले नाही. सारा उच्चभ्रू समाज काळ्या पोशाखात आणि पिसांनी सजलेल्या काळ्या हॅट घालून आला. इतिहासात हे 'ब्लॅक अ‍ॅस्कॉट' म्हणून ओळखले जाते.

६/१२
या थाटाची किंमत पक्षी मोजत होते. विणीच्या हंगामात बगळ्यांच्या पाठीवर नाजूक तुरे येतात. बाजारात त्यांचा भाव वजनाला सोन्यापेक्षा अधिक होता. त्यांसाठी बगळे घरट्यांजवळच मारले जात आणि मागे राहिलेली पिल्ले उपाशी मरत.

७/१२
१८८९ मध्ये एमिली विल्यमसन या इंग्रज स्त्रीने पिसे न वापरण्याची शपथ घेणाऱ्या स्त्रियांची संघटना उभारली. शहामृगाच्या पिसांना मात्र सूट होती, कारण ती पक्षी न मारता मिळत. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये आयातबंदीचा कायदा होण्यास १९२१ साल उजाडले.

८/१२
डोक्यावर काय आहे एवढेच रॉयल एन्क्लोजरच्या दारावर पाहिले जात नसे. घटस्फोटितांना तेथे १९५५ पर्यंत प्रवेश नव्हता. पोशाखाचा नियम हा 'आत कोण आणि बाहेर कोण' ठरविणाऱ्या अनेक नियमांपैकी एक होता; फक्त तो दुरूनही दिसे.

९/१२
१९६० च्या दशकात रस्त्यांवरून हॅट वेगाने नाहीशी होऊ लागली. १९६२ मध्ये फ्लेमिंग्टनने स्त्रियांना मैदानाकडे आकृष्ट करण्यासाठी वेशभूषेची स्पर्धा सुरू केली. श्रिम्टन १९६५ मध्ये आली होती ती याच स्पर्धेची परीक्षक म्हणून! जिने शिष्ट पोशाखाचा निवाडा करायचा, तिनेच संकेत मोडला होता.

१०/१२
येथे प्रथेचे रूप पालटले. जी वस्तू सर्वांच्या डोक्यावर असे, ती आता केवळ शर्यतीपुरती उरली, आणि रोजच्या उपयोगातून सुटल्यामुळे तिला कोणताही आकार घेण्याची मुभा मिळाली. अ‍ॅस्कॉटला गर्ट्रूड शिलिंग यांनी मुलाने घडविलेल्या अवाढव्य हॅट घालून वर्षानुवर्षे गर्दी खेचली. त्यांपैकी एकीवर चक्क उंच जिराफ होता.

११/१२
नियम मात्र संपले नाहीत. २०१२ पासून रॉयल एन्क्लोजरमध्ये केसांत खोचायच्या छोट्या 'फॅसिनेटर'ला मनाई आहे. हॅट घालायची नसेल, तर शिरोभूषणाचा पाया किमान १० सेंटिमीटर हवा. म्हणजे डोके किती झाकले आहे, हे आजही मोजले जाते.

१२/१२
घोड्यांच्या शर्यतींबरोबर हा थाट मुंबईतही आला. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ चे. तेथील पहिली इंडियन डर्बी १९४३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने जिंकली. आजही फेब्रुवारीत डर्बीच्या दिवशी तेथे रंगीबेरंगी हॅट दिसतात, त्याही अशा शहरात जिथे एरवी कोणी हॅट घालत नाही. रोजच्या जगण्यातून गेलेली वस्तू मैदानावर टिकून राहिली, ती अशी.