मोरसला गेलेले चुलते

शताब्दीनिमित्त दिंडीच्या पहिल्या वीणेकरीबुवांची वंशावळ लिहायला घेतली, तेव्हा त्यांच्या एका चुलत्यांचा फाटा कुठंच सापडेना. घरातली म्हातारी माणसं एवढंच सांगत, "मोरसला गेले, परत आले नाहीत."

मोरस म्हणजे मॉरिशस. तिथल्या साखरेलाही आपल्याकडं मोरस साखर म्हणत. १८३४ पासून आपल्या देशातले मजूर गिरमिटावर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली. त्यांत रत्नागिरीकडची पुष्कळ. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर मजूर उतरत, तो आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो. तिथल्या पायऱ्या अजून आहेत.

प्रत्येक मजुराला क्रमांक मिळे. वहीत नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव लिहीत. त्या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. पण एकाच नावाची माणसं अनेक, आणि कारकुनानं गावाचं नाव ऐकू आलं तसं लिहिलेलं. म्हणून बापाचं नाव हवं. आम्हाला ते नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत मिळालं. मॉरिशसच्या नोंदीशी बाप आणि गाव, दोन्ही जुळलं.

समुद्र ओलांडला म्हणून ज्यांचं नाव घरानं गाळलं, ते आम्ही वंशावळीत पुन्हा घातलं आहे. आपल्याही घरात असं कुणी गेलं असेल, तर माउली, म्हाताऱ्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा.

रामकृष्णहरी!